तुम्ही विचारलंत म्हणून: बियाँड अर्थ खरंच एवढा वाईट आहे का?

स्ट्रॅटेजी गेम खेळणारा माणूस म्हणून ओळखीपाळखीत एकदा नाव झालं की दर सेलला हा प्रश्न ठरलेला. बियाँड अर्थ घेऊ का? स्वस्तात मिळतोय, दुसऱ्या ग्रहावर वस्ती करायची आयडिया भारी वाटतेय, पण रिव्ह्यू बघितले तर निम्मे लोक शिव्या घालतायत, आणि शिव्या घालणारा प्रत्येक जण शेवटी "त्यापेक्षा अल्फा सेंटॉरी खेळा" म्हणतोय, तो तर 1999 चा गेम. हा खरंच एवढा वाईट आहे का तुम्ही जुनी मंडळी उगाच रडताय?

थोडे रडतोच आम्ही. पण ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त रडारड होते ना, नेमकी तीच गोष्ट मला पटत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नातं काय ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. 1996 मध्ये सिड मायर, ब्रायन रेनॉल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज हे मायक्रोप्रोज सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फिरॅक्सिस काढली. सिव्हिलायझेशन (एक संस्कृती शून्यापासून उभी करून चालवायची ती गेमची मालिका, थोडक्यात सिव्ह) हे नाव जुन्या कंपनीकडे राहिलं, त्यामुळे यांना ते वापरता येईना. मग त्यांनी काय केलं, तर जिथे सिव्हिलायझेशन संपतो तिथून पुढचा गेम केला. त्यात शेवटी अंतराळयान अल्फा सेंटॉरी या ताऱ्यापाशी पोचलं की तुम्ही जिंकता, तर तिथे पोचल्यावर पुढे काय होतं? तोच अल्फा सेंटॉरी, फेब्रुवारी 1999, पब्लिशर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. आणि बियाँड अर्थ आला ऑक्टोबर 2014 मध्ये, कंपनी तीच फिरॅक्सिस, पण पब्लिशर टू-के, आणि अल्फा सेंटॉरीचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे. म्हणजे या वेळी सिव्हिलायझेशन हे नाव होतं आणि ते दुसरं नाव नव्हतं. ट्रेलर बघून आम्ही मात्र मनात ठरवूनच टाकलं होतं की हा वारसदार येतोय, आणि मग जे व्हायचं ते झालं.

आता सगळ्यात कॉमन तक्रार. "हा सिव्ह फाइव्हचा मॉड आहे, नुसता रंग बदललाय, पैसे कसले मागता?" मॉड म्हणजे चाहत्यांनी जुन्याच गेममध्ये केलेला फेरफार, आणि सिव्ह फाइव्ह म्हणजे सिव्हिलायझेशनचा पाचवा भाग. इंजिन सिव्ह फाइव्हचंच आहे हे खरं, तेच षटकोनी मॅप, एका टाइलवर एकच लढाऊ युनिट, शहराच्या बॉर्डर तशाच वाढतात, हॅपिनेसच्या जागी हेल्थ आलंय. पण अहो, अल्फा सेंटॉरी तरी काय आभाळातून पडला होता का? सिव्ह टू ज्यांनी डिझाइन केला तेच ब्रायन रेनॉल्ड्स अल्फा सेंटॉरीचे डिझाइनर, आणि सिव्ह टू खेळून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात सगळं ओळखीचं दिसतं: तेच चौकोनी टाइल, तीच शहरं, शहर वसवणाऱ्या सेटलरच्या जागी कॉलनी पॉड आणि जमीन सुधारणाऱ्या इंजिनियरच्या जागी फॉर्मर. सांगाडा तेव्हाही जुनाच होता, तरी तेव्हा कोणी मॉड म्हणालं नाही, उलट अमेरिकेतल्या पीसी गेमर मासिकाने 98 टक्के दिले. म्हणजे सांगाडा उसना आहे हा मुद्दा होऊच शकत नाही. मग नक्की कुठे बिनसलं?

माझ्या मते बिनसलं ते बोलण्यात. बियाँड अर्थमध्ये तुमच्याशी कोणी भांडतच नाही.

अल्फा सेंटॉरीत युनिटी नावाचं यान पृथ्वीवरून निघतं, पोचायच्या आतच कॅप्टनचा खून होतो आणि माणसं सात गटांत फुटतात. फुटतात ती देशावरून नाही, विचारावरून. लेडी डियर्ड्री म्हणते आधीच्या ग्रहाची वाट लावलीत, इथे तरी झाडाझुडपांशी नीट वागा. मॉर्गनला धंदा करायचाय. यांगला माणसाचं वारूळ करायचंय. झाखारोव्हला संशोधन, मग त्यात कोण मेलं तरी चालेल. सँटियागोला हत्यारं, मिरियमला देव. आणि आपला कमिशनर प्रवीण लाल, युनोचा माणूस, डॉक्टर, सगळ्यांना लोकशाही शिकवत फिरणारा. त्या काळात परदेशी गेममध्ये भारतीय नाव दिसायचं म्हणजे सिव्हिलायझेशनमधले गांधी, तिथे हा एकदम सिरियस भारतीय लीडर बघून आम्हाला काय वाटलं असेल विचार करा. माहिती दडवणाऱ्यापासून सावध राहा अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य तर गेम न खेळलेले लोकसुद्धा अजून शेअर करतात.

पण नुसती कॅरेक्टर भारी असून भागत नाही, ती गेमच्या नियमात उतरावी लागतात आणि इथे ती उतरली होती. सोशल इंजिनियरिंग म्हणून एक स्क्रीन आहे, तिथे तुम्ही राज्यपद्धत, अर्थव्यवस्था, मूल्यं असं एकेक निवडता. फ्री मार्केट घेतलं की पैसा धो धो येतो पण सैन्य बाहेर पाठवलं की घरात लोक चिडतात आणि ग्रहाचीही खप्पामर्जी होते. आणि तुम्ही ते घेतलं रे घेतलं की डियर्ड्रीचा फोन, काय चालवलंयस हे म्हणून. तिला स्वतःला फ्री मार्केट घेताच येत नाही. मॉर्गनला प्लॅन्ड इकॉनॉमी घेता येत नाही, लालला पोलीस स्टेट नाही, यांगला लोकशाही नाही. म्हणजे तुम्ही लोकशाही आणली की लाल खूश आणि यांग नाराज, का ते तुम्हाला आधीच माहिती असतं, आणि म्हणून युद्ध झालं तरी ते कशावरून झालं हे तुम्ही चार लोकांना सांगू शकता. मी अजून सांगतो, घरचे कंटाळलेत.

आता बियाँड अर्थ बघा. सुरुवातीला आठ स्पॉन्सर, म्हणजे वस्ती करायला माणसं पाठवणारे गट. त्यातही एक आपल्याकडची आहे बरं का, कविता ठाकूर, कविथन प्रोटेक्टरेट, भारतीय उपखंडातून आलेली, धर्मगुरू टाइप. दोन्ही गेममध्ये भारतीय लीडर, खूश व्हायला हवं. पण तिच्याबद्दल विचारलंत तर मला एवढंच आठवतं की तिच्या शहरांची हद्द दुप्पट वेगाने वाढते. ती काय मानते, कोणाचा राग करते, माझ्याशी का भांडते, काही नाही. ब्राझीलवाल्यांना लढाईत बोनस, आफ्रिकन युनियनला अन्नात, सगळे आपापला बोनस घेऊन बसलेत आणि एकसारखंच गोडगोड बोलतात. देशावरून गट पाडले आणि देशही अंगावर आला नाही.

विचारधारा आहेत की, असं कोणीतरी म्हणणारच. आहेत, तीन अफिनिटी आहेत आणि कागदावर त्या मस्त आहेत. हार्मनी म्हणजे ग्रहासारखं होऊन जायचं, प्युरिटी म्हणजे माणूस आहे तसाच ठेवायचा आणि ग्रहच बदलायचा, सुप्रिमसी म्हणजे शरीर सोडून मशिनच्या वाटेला लागायचं. पण ही अफिनिटी टेक, म्हणजे संशोधनातून मिळणारं तंत्रज्ञान, घेता घेता पॉइंटांनी वाढते. एखादी टेक मला शेतीसाठी हवी होती, तिच्यासोबत हार्मनीचे पॉइंट आले, झालो मी हार्मनीवाला. माझं मत असं रेशनच्या रांगेत मिळाल्यासारखं मिळालं आणि त्याची किंमत कुठे मोजलीच नाही मी. अल्फा सेंटॉरीत लीडर आधी मत घेऊन उतरतो आणि मग त्या मतापायी हाल काढतो, हा फरक बारीक दिसतो पण साठसत्तर टर्न झाल्या की जाणवायला लागतो.

ग्रहाचंही तसंच. अल्फा सेंटॉरीतला ग्रह स्वतः एक पार्टी आहे. लालसर बुरशी सगळीकडे पसरलेली, त्यातून माइंड वर्म नावाच्या अळ्या निघतात आणि त्या तुमच्या रणगाड्याला विचारत नाहीत, लढाई थेट मनाची, तुमची महागडी तोफ आणि चिलखत तिथे शून्य. जास्त खाणी, जास्त कारखाने केलेत की बुरशी उसळते, तुमचीच शेती गिळते आणि अळ्या चालून येतात. प्रदूषण वाढत गेलं तर समुद्र वर येतो आणि किनाऱ्यावरची शहरं पाण्यात. आणि पाऊस! वारा पश्चिमेकडून येतो, डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पडतो आणि पूर्वेला कोरडं. सह्याद्रीच्या अलीकडे महाबळेश्वर आणि पलीकडे माण-खटाव हे शाळेत भूगोलात शिकलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. गेममध्ये तुम्ही फॉर्मर लावून जमीन उचलू शकता, म्हणजे आपल्या बाजूला डोंगर उभा करून पूर्वेकडच्या शेजाऱ्याचा पाऊस अडवू शकता. एक गोळी न झाडता. हा हलकटपणा मी आजवर दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितलेला नाही.

बियाँड अर्थमध्ये मायाझ्मा नावाचा विषारी धूर आहे, एलियन आहेत, सीज वर्म तर प्रचंड आहे आणि पहिल्यांदा दिसला की फाटते. सुरुवातीच्या टर्नमध्ये हे सगळं खरंच छान जमलंय, एलियनला डिवचलं नाही तर ते तुम्हाला सोडतात, डिवचलं तर हळूहळू पिसाळतात, त्यामुळे पहिलं शहर वसवताना जीव मुठीत असतो. पण मध्यापर्यंत आलात की तुमची युनिट एवढी तगडी होतात की एलियन म्हणजे रस्त्यातला कचरा, आणि ग्रह परत एक मॅप होऊन जातो. शेवट तर विचारू नका. जिंकायचे पाच मार्ग, पैकी चारांत काहीतरी मोठ्ठं बांधायचं आणि मग टर्न मोजत बसायचं. पृथ्वीकडचं दार उघडायचं, तिथून माणसं आणायची नाहीतर इथून सैन्य पाठवायचं, कल्पना वाचायला जबरी आहेत, खेळायला नेक्स्ट टर्न, नेक्स्ट टर्न. त्यात प्रत्येक शहराचे दोन-तीन ट्रेड रूट, संपले की विचारणार आता कुठे पाठवू. एवढे क्लिक मी ऑफिसातसुद्धा करत नाही.

बरं, शिव्या झाल्या, आता जे आवडलं तेही सांगतो कारण त्याबद्दल लोक बोलत नाहीत. टेक वेब. झाडासारखी एका दिशेने जाणारी टेक नाही, मधून सुरुवात करून चहूबाजूंना पसरणारं जाळं, त्यामुळे पुढचा रस्ता खरंच तुम्ही निवडता, बाकी सिव्हमध्ये काही झालं तरी सगळे एकाच क्रमाने चाक आणि बंदुकीपर्यंत पोचतात. वर आकाशात सॅटेलाइट सोडायचा वेगळा थर. आणि अफिनिटी वाढेल तशी शहरं आणि सैनिक दिसायलाच बदलतात, शेवटी शेवटी दोन शेजाऱ्यांकडे बघून हे एकाच पृथ्वीवरून आले असतील असं वाटत नाही. ती कल्पना अल्फा सेंटॉरीकडे नव्हती.

ऑक्टोबर 2015 मध्ये रायझिंग टाइड हे एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायची भर, आलं आणि त्याने गेम बराच सावरला. पाण्यावर तरंगणारी शहरं, आणि ती चक्क सरकवता येतात. दोन अफिनिटींचं मिश्रण करता येतं. लीडर तुमचा आदर करतात की तुम्हाला घाबरतात हे दिसतं, त्यावर करार होतात, म्हणजे बोलणं कमी आहे हे त्यांनाही कळलं होतं. आता त्यातही दर दोन टर्नला कोणीतरी येऊन तुमचं सैन्य फारच कमी आहे हो असं सांगून जातं, लग्नातल्या आत्याबाईंसारखं, पण निदान कोणी येतं तरी. मग 2016 मध्ये सिव्ह सिक्स आला आणि बियाँड अर्थकडे कोणी वळून पाहिलं नाही. अजून एक एक्स्पान्शन मिळालं असतं तर आज हा लेख वेगळा असता असं मला मनापासून वाटतं.

आणि अल्फा सेंटॉरी म्हणजे सोन्याचा तुकडा असं समजून घ्याल तर फसाल. ग्राफिक्स तेव्हाही मळकट होते. मेनू असे की कुठलं बटण कुठे गेलं शोधत बसा. कम्प्युटर प्लेयर बावळट आहे, एकदा तुम्हाला सप्लाय क्रॉलर (दूरच्या टाइलचा माल शहरात आणून देणारं युनिट) वापरायची युक्ती कळली की तो संपलाच, आणि हेलिकॉप्टर आल्यावर तर युद्ध म्हणजे नुसती शहरं गोळा करणं. शेवटी पन्नास फॉर्मर हातात असतात आणि प्रत्येकाला काम सांगायचं असतं, एक टर्न म्हणजे जेवण थंड. ज्यांना हे सहन होत नाही त्यांना मी नावं ठेवत नाही.

तर घ्यायचं काय? सिव्ह फाइव्ह आवडला असेल आणि वेगळ्या जगात आठवडाभर रमायचं असेल तर बियाँड अर्थ घ्या, पण रायझिंग टाइडसकट, नुसता घेऊ नका. आणि लीडर हा कोणीतरी माणूस वाटायला हवा असं तुमचं असेल तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर अल्फा सेंटॉरी त्याच्या एलियन क्रॉसफायर या एक्स्पान्शनसोबत मिळतो, आणि लॅपटॉप कितीही जुना असला तरी त्याला झेपतो. सुरू करताना नियमांत जाऊन ब्लाइंड रिसर्च बंद करा, नाहीतर टेक तुमच्या मनाविरुद्ध येत राहतील आणि मला मेसेज कराल. पहिला गेम लाल घेऊन खेळा, त्याची माणसं समाधानी असतात आणि सगळ्या गटांच्या कौन्सिलमध्ये त्याची मतं दुप्पट मोजतात. शेजारी मॉर्गन निघाला तर लगेच करार करून टाका, पैसा येतो. मिरियम निघाली तर मात्र करारबिरार राहू द्या, आधी सीमेवरच्या दोन शहरांत चांगलं चिलखतवालं युनिट बसवा, ती येतेच.