फुलं नसताना कास

जानेवारीत दुसऱ्या वर्षाची चोवीस पोरं घेऊन साताऱ्याहून कासला गेलो. समर्थ मंदिर मागे पडतंय तोच प्रश्न आला, "सर, फुलं नाहीत, मग बघायचं काय?" मी उठून माइकवरून दख्खनचा लाव्हा सुरू केला. दहा मिनिटांत मागच्या बाकांवर अंताक्षरी. माइक ठेवून दिला. पोरांना सहलीला नेणार असाल, तर तुम्हीही ठेवा.

यवतेश्वर घाटात रुंद वळणावर उतरलो. समोरच्या डोंगरांच्या पायऱ्या मोजायला सांगितल्या. कुणी सहा म्हणालं, कुणी नऊ. भांडण जुंपल्यावरच सांगितलं, की ही साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची थप्पी आहे. पडलेल्या काळ्या दगडांत पांढरे ठिपके होते. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं, मागाहून खनिजांनी भरलेली. पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकला, एक फसफसला: कॅल्साइट. दुसरा ढिम्म. चाकूने ओरखडा उठला, म्हणजे क्वार्ट्झही (गारगोटी) नाही, ती चाकूपेक्षा कठीण. "मग झिओलाइट!" हे पोरांनीच काढलं. (अ‍ॅसिडच्या बाटलीचं झाकण आवळून लावा. माझ्या पिशवीला भोक पडलंय.)

वर पठारावर जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड. याच काळ्या दगडातली सिलिका पावसाने धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून हा तांबडा रंग. रस्त्याकडेचा फुटका तुकडा घेऊन त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, ते जिरलं. काळ्या दगडावरून ओघळलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मग पावसाळ्यात सड्यावर, या उघड्या कातळावर, डबकी कशी साचतात?" मी उत्तर दिलं नाही. वहीत लिहायला लावलं आणि सड्याचा टणक, सलग पृष्ठभाग नुसता हाताने चाचपायला सांगितला.

पठारावर हातोडी काढू नका. 2012 पासून हे जागतिक वारशात आहे, आणि दगडावरच्या चार बोटं मातीतच पुढच्या पावसाची फुलं निजलेली असतात. सप्टेंबरात सहल नेऊ नका, गर्दीत शिकवणं होत नाही. पाणी आणि टोप्या खालूनच न्या. थांबे दोनच ठेवा. आम्ही पाच ठरवले होते, कास तलाव गाठेपर्यंत ऊन उतरलं.

कोयना त्याच दिवशी उरकायचा मोह आवरा. त्यासाठी मी वर्गात नुसतं विचारलं, घरी 11 डिसेंबर 1967 ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट कुणाला आठवते? पाटणची एक मुलगी आजीची दोन पानं घेऊन आली. पहिली ओळ: "आधी गुरं हंबरली, मग फळीवरची भांडी."