एका फुटाला एक कावड

आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, हिशोबाच्या वहीत अगदी शेवटच्या पानावर निळ्या पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली आहे: लाकूड १ फूट = पाणी २ डबे = १ कावड.

आबाजी चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या बाजूला एका आरामशीनवर दिवाणजी होते. माल बल्लारपूरच्या लिलावातला, बहुतेक सागवान. उन्हाळ्यात गोल लाकूड उघड्यावर राहिलं की टोकाकडून तडे जातात, म्हणून मशीनच्या मागं मोठा हौद बांधलेला होता. त्यात लाकडं रचायची, वरून दगडांचं वजन द्यायचं आणि मग काठोकाठ पाणी भरायचं. पाणी विहिरीवरून कावडीनं यायचं आणि मजुरीही कावडीमागं. लाकूड हौदात जितकी जागा अडवणार, तितक्या कावडी कमी लागणार. ती ओळ त्यासाठीच.

डबा म्हणजे रॉकेलचा पत्र्याचा चौकोनी डबा, चार गॅलनचा. कावडीला दोन्हीकडे एकेक. ते माप आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरीही ही ओळ चुकलेली आहे असंच मी लहानपणापासून ऐकत आले. काका म्हणायचे, "आबाजीचं अक्षर मोत्यावानी, पन हिशोब कच्चा." कारण लाकडाचा फूट म्हणजे घनफूट असंच सगळे धरायचे, आणि एका घनफुटात ६.२३ गॅलन मावतात. म्हणजे डबे होतात जेमतेम दीड. दोन कुठून आले?

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला हे जास्तच लागायचं. शिवाय एक गोष्ट पटत नव्हती. लाकूड दीड डब्याची जागा घेत असेल आणि आबाजी दोन धरत असतील, तर दरवेळी पाणी कमी पडलं असतं आणि हौद अर्धवट राहिला असता. इतकी वर्षं एकाच हौदावर काढलेल्या माणसाला हे दिसलं नसेल?

या दिवाळीत वही पुन्हा काढली. आधी मोबाइलवर घनफुटाचे गॅलन करून पाहिले, तर उत्तर आलं ७.४८. दोन डब्यांच्या जवळ! क्षणभर वाटलं, सापडलं. पण तो अमेरिकन गॅलन होता, ३.७८५ लीटरचा. आपल्याकडे चालायचा तो इंग्रजांचा, ४.५४६ लीटरचा. १८२४ च्या त्यांच्या कायद्यानं दहा पौंड पाण्याला एक गॅलन ठरवलं होतं. डबे त्या गॅलनचे. म्हणजे मी पुन्हा दीडवरच.

मग आतली पानं वाचायला घेतली. एका नोंदीत होतं: गोलाई ६, लांबी १२, फूट २७. वर्तुळाच्या सूत्रानं हेच लाकूड ३४.३८ घनफूट भरतं. इथं २७ का? आणि तेव्हा मला आबाजींचे हात आठवले. बुंध्याभोवती सुतळी गुंडाळायची, दोन्ही टोकं जुळतील तिथं चिमटीत धरायची, मग ती सुतळी एकदा दुमडायची, आणखी एकदा दुमडायची. चार पदर. त्या चौथाईचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. सहाची चौथाई दीड, दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले बारा, सत्तावीस!

त्यांचा फूट घनफूट नव्हताच. तो होता हॉपस फूट. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदारानं १७३६ साली या पद्धतीचे तक्ते छापले आणि इंग्रजांच्या लाकूडव्यापारात ते रुळले. गोल लाकूड चौरस करताना चारही बाजूंच्या कडा निघून जातात, भुसा होतो. ते नुकसान मापातच वजा झालेलं असतं. त्यामुळे कागदावर एक फूट दिसतो, पण लाकूड असतं १.२७३ घनफूट. व्यापाऱ्याला कागदावरचा फूट हवा. पाण्याला मात्र कडा-भुसा कळत नाही. आख्खं लाकूड जितकी जागा घेईल तितकंच पाणी हटतं. आता १.२७३ गुणिले ६.२३ करा. ७.९३ गॅलन. दोन डब्यांचे आठ. लीटरमध्ये ३६.०५ आणि ३६.३७. तांब्याभर पाण्याचाही फरक नाही.

मी काकांना कागद दाखवला. ते म्हणाले, "मंग मोजूनच पाह्य ना वो पोरी."

गोठ्यामागं सागाचा एक जुना ओंडका होता, गोलाई बरोबर दोन फूट. काकांनी तो चार फुटांवर कापून दिला. अर्ध्या फुटाचा वर्ग पाव, गुणिले चार, म्हणजे बरोबर एक फूट. ढोरांचं टाकं काठोकाठ भरलं. ओंडका आत टाकला, तो तरंगायला लागला. मी आणि काकूनं दोन्ही टोकं दाबून तो पूर्ण पाण्याखाली धरला, तोवर बदाबदा पाणी सांडत राहिलं. मग ओंडका बाहेर काढला आणि लीटरच्या खुणा असलेली रंगाची बादली घेऊन टाकं परत भरत गेलो. पंधरा. तीस. तिसऱ्या बादलीतले पाच लीटर ओतले आणि वरून थोडं, तेव्हा पाणी काठाला टेकलं. ओंडका एका बाजूला जरा निमुळता आहे, बाकीचं त्यात गेलं.

वहीत पुढं "५० फूट = १ टन" असंही आहे. तो टन वजनाचा नव्हे, सागाच्या व्यापारातला मापाचा टन. शंभर डबे, पन्नास कावडी. आता डेपोत सगळं घनमीटरमध्ये चालतं. कुणाकडं अशी जुनी वही असेल तर एवढं जपा: एका घनमीटरचे घनफूट होतात ३५.३१, पण सुतळीच्या मापानं फूट होतात २७.७४. वहीतला फूट कोणता हे पाहिल्याशिवाय आजोबांना खोटं ठरवू नका.

काका बराच वेळ टाक्याकडं बघत होते. मग माझ्या हातातली सुतळी घेऊन गोठ्यातल्या मोठ्या बुंध्याकडं गेले. सुतळी गुंडाळली, चिमटीत धरली, दोनदा दुमडली. एक फूट आली. लांबी नऊ.

"नऊ कावडी," माझ्याआधी तेच बोलले.