प्रलंबित फेरफार

ईमेलचा तास आला की माझी पंचाईत व्हायची. ‘पण पाठवू कोणाले सर?’ असं कोणीतरी विचारायचंच. पांढरकवड्याच्या बाजूच्या त्या गावात ज्यांच्याशी बोलायचं ती सगळी माणसं हाकेच्या अंतरावर. मग मी बायकांना एकमेकींना मेल पाठवायला लावायचो, आणि बाजूच्याच खुर्चीवरची ‘आला वो, आला’ म्हणून ओरडायची. तेवढ्यावर तास संपायचा.

2022 चा नोव्हेंबर. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान चालू होतं. आम्ही नुसतं ‘दिशा’ म्हणायचो. घरटी एक माणूस, वय 14 ते 60, 20 तासांचं शिक्षण, शेवटी ऑनलाइन परीक्षा आणि पास झालेल्या माणसामागे आमच्या प्रशिक्षण केंद्राला 300 रुपये. वर्ग मी ग्रामपंचायतीच्या खोलीत घ्यायचो, कारण फायबर तिथंच येऊन थांबलं होतं. 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झालेली आणि 2015 मध्ये भारतनेट झालेली ही योजना ग्रामपंचायतीपर्यंत 100 एमबीपीएस नेट पोहोचवायला निघालेली. आमच्याकडे ते पोहोचलंही होतं. भिंतीवरच्या लोखंडी डब्यात हिरवा दिवा लुकलुकत होता, डब्याची किल्ली चपराशाकडे होती आणि चपराशी वावरात. दिवा लागला की गाव जोडलं गेलं असं कागदावर धरतात. मला पासवर्ड मिळायलाच दोन महिने लागले.

नोंदणी आधारवर. दिवस कापूस वेचणीचे, बोंडाच्या काट्यांनी बायकांची बोटं सोललेली, त्यामुळे मशीन अंगठा घेईना. एक जण रात्रभर खोबरेल लावून आली तरी नाही. शेवटी डोळ्याची बुबुळं टिपणारं मशीन उसनं आणलं. वर्ग सात वाजता. काही जणी थेट वावरातून यायच्या, पदराला कापूस चिकटलेला असायचा.

त्या दिवशी तासाला पैसे ऑनलाइन पाठवणं शिकवायचं होतं. त्याआधी हात बसावा म्हणून मी महाभूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर, आपापल्या वावराचा सातबारा काढायला सांगितला. या कामाला बायका उत्साहानं बसायच्या. मोबाइलवर, गावात टॉवरची एक काडी असताना, ते पान कॅप्चा भरेपर्यंत मरायचं. इथं पाच कॉम्प्युटरवर एकदम उघडायचं.

खिडकीजवळची एक ताई नुसतीच बसून होती. पस्तिशीची असेल, सातवी शिकलेली.

“काय झालं ताई?”

“आमच्याकडे तं वावरच नाही सर. ठेक्यानं करतो.”

“मग माहेरचं पाहा.”

हे मी सहज बोलून गेलो. तास रिकामा जाऊ नये, एवढाच विचार होता.

माहेर हिंगणघाटकडचं, वर्धा नदीच्या पलीकडे. ती अमरावती विभाग उघडून वर्धा शोधत बसली. “याच्यात वर्धाच नाही सर.” नदी ओलांडली की जिल्हाच नाही, महसूल विभागही बदलतो, तिला नागपूर निवडायला लावलं. गट नंबर आठवेना म्हणून वडिलांच्या नावानं शोधलं. एका बोटानं नाव टाईप केलं आणि सातबारा आला.

“बाबाचं नाव अजून हायच की वो,” ती म्हणाली. वडील मे महिन्यात गेले होते. थोडा वेळ ती त्या नावाकडेच पाहत राहिली. मग खाली सरकली. “सर, प्रलंबित फेरफार म्हणजे काय?”

‘काही नाही, पुढं चला’ म्हणता आलं असतं. कधीकधी वाटतं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं का? पण मी सांगितलं, सातबाऱ्यावरचं नाव बदलायची, अजून मंजूर न झालेली नोंद, आणि तिला ‘आपली चावडी’ हे पान उघडून दिलं. फेरफाराची नोटीस पूर्वी गावच्या चावडीवर डकवायचे. आता ती या पानावरही दिसते. जिल्हा, तालुका, गाव, कॅप्चा. समोर यादी येते : फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, हरकत नोंदवायची शेवटची तारीख, गट क्रमांक आणि ‘पहा’. तिनं ‘पहा’ दाबलं. प्रकार वारस. नावं आईचं आणि दोन भावांची. तिचं नव्हतं.

हरकतीला 15 दिवस असतात. चार उरले होते.

तिनं पडद्यावर बोट ठेवून तीनदा वाचलं. आवाज चढवला नाही. “भाऊबीजेले गेली होती मी. साडी देल्ली. आईनं चिवड्याचा डबा देल्ला. कोणी शब्द नाही काढला.”

आता बाकीच्या खुर्च्या तिच्याभोवती आल्या. एक म्हातारी काकू म्हणाली, “सोडून दे वो बाई, माहेर तुटते.” दुसरी, नुकतं लग्न होऊन आलेली, म्हणाली, “नाव लावाले काय जाते त्याइचं?” दोघींचंही खरं होतं. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. नोटीस लागते माहेरच्या गावात आणि मुलगी असते सासरी. इतकी वर्षं चावडीवरचा तो कागद जिच्यासाठी, तिच्याशिवाय सगळं गाव वाचत होतं. आणि ही सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून, नदीच्या या बाजूला बसून वाचत होती. 20 तासांच्या अभ्यासक्रमात हे कुठंच नव्हतं.

मी वकील नाही. केंद्रावर काम करून जे कळतं तेवढं सांगितलं : लेखी हरकत तलाठ्याकडे द्यायची, पोच घ्यायची, मग ती तक्रार नोंदवहीत चढते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतात.

“हे मेलनं नाही पाठोता येत का सर?”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. एवढ्या बॅचेसमध्ये पहिल्यांदा कोणाला तरी मेल पाठवायला माणूस सापडला होता, आणि मला सांगावं लागलं, “नाही ताई, कागद घेऊन जा. पोच हातात असलेली बरी.”

अर्ज मी लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाली. टाईप करायला बसली आणि लाईट गेली. डब्यातल्या बॅटरीवर नेट चालू, कॉम्प्युटर पाचही बंद. आमच्या गावाचं डिजिटल ते एवढं! माझा लॅपटॉप होता, त्यावर बसली. दीड तास लागला. ‘हरकत’मधला ‘ह’ सापडायलाच बराच वेळ गेला. आधी तिनं लिहिलं, ‘मला हिस्सा पाहिजे.’ मग ते पुसलं आणि लिहिलं, ‘मी त्यांची मुलगी आहे. माझे नाव सुटले आहे.’ ‘सुटले’च्या जागी ‘गाळले’ लिहा असं म्हणणार होतो, पण गप्प बसलो. दुरुस्ती करायचा मला काय अधिकार? नवरा बाहेर पारावर थांबला होता. आत आला नाही, चला म्हणूनही बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडून प्रिंट दिली. तेव्हा एसटीत बायकांना अर्धं तिकीट नव्हतं, ते पुढं 2023 च्या मार्चमध्ये आलं. वेचणीची मजुरी बुडवून, पूर्ण तिकीट काढून ती गेली आणि अंधार पडता परत आली. शिक्का मारलेली पोच पुढं केली. “याले लॅमिनेशन करून द्या सर.”

बातमी गावात फिरायला दोन दिवस पुरले. पंचायतीतला एक जण म्हणाला, “तुम्ही कॉम्प्युटर शिकवा, भांडणं नका लावू.” वर्गातल्या 20 पैकी सहा जणी यायच्या बंद झाल्या. मात्र रात्री केंद्र बंद करताना दारात कोणी ना कोणी उभी असायची, हळू आवाजात माहेरचं गाव सांगत. परीक्षा झाली, ती ताई पास झाली.

डिसेंबरात एक दिवस दुपारी मोटरसायकलवर एक माणूस आला. चप्पल न काढता आत. “तुम्हीच का ते नेटवाले?”

थोरला भाऊ होता. नदीपलीकडून आलेला, चेहऱ्यावर सगळ्या रस्त्याची धूळ. “तिले कोणी सांगतलं?”

“कोणी नाही. तिनं स्वतः काढलं.”

“ती? ती काय काढते?”

मी पडदा त्याच्याकडे फिरवला. त्यानं गावाचं नाव सांगितलं, मी निवडलं. कॅप्चाची अक्षरं त्याला लागेनात, ती मी भरली. सातबारा आला. वडिलांचं नाव तसंच होतं आणि खाली फेरफार अजून प्रलंबित. तो खुर्चीवर बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “हे तिनं एकटीनं काढलं?”

“हो. आधी विभाग चुकला होता तिचा.”

त्यानं मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

“याची प्रिंट किती?”

“दहा.”

त्यानं वीसची नोट दिली. माझ्याकडे सुटे नव्हते. शेजारच्या दुकानातून आणायला उठलो, तर म्हणाला, “राहू द्या. अजून एक काढा.”