करूळ घाट, उसाचा ट्रक आणि ११८ अंश

कोल्हापूर ते वैभववाडी आणि परत, हा प्रवास सांगायला दोन ओळी पुरतात. कळे, साळवण, गगनबावडा, करूळ घाट उतरून खाली जेवण आणि त्याच वाटेने माघारी. जानेवारीत ऊसतोड जोरात असते, त्यामुळे गगनबावड्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागूनच जावं लागतं. गगनगडावर आणि दरीतल्या धुक्यावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते परतीच्या चढावर. तिथे ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाड्यांच्या गिअरबॉक्सचे जे हाल होतात ते बघून जीव तुटतो.

गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या ओबीडी सॉकेटला छोटा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की फोनवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दिसतं. सगळ्याच गाड्यांत दिसत नाही, पण बऱ्याच गाड्यांत दिसतं. डॅशबोर्डवरच्या दिव्याची वाट बघू नका. तो लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. कळ्याच्या सपाट रस्त्यावर आकडा ८६ होता. घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून, ब्रेक अधूनमधून दाबत गेलो तेव्हा ९० च्या वर गेला नाही.

चढताना चित्र पालटलं. वैभववाडीकडचा ऊस गाळपाला वर घाटमाथ्यावर येतो. काठोकाठ भरलेला ट्रक पुढे, ताशी १०-१२ किलोमीटरचा वेग, मागे गाड्यांची रांग. डी मध्ये ठेवलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सारखी घुटमळत होती. आठ-दहा वळणांत ९४, १०३, १११ आणि मग ११८.

ही उष्णता येते टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा हा भाग म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे. एक इंजिनबरोबर फिरतो आणि तेल फेकतो, दुसरा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद चाकापर्यंत न पोचता तेलातच उष्णता होऊन राहते. गाडीने वेग घेतला की आतला लॉक-अप क्लच दोघांना एकत्र बांधतो आणि ही गळती थांबते. ट्रकमागे रांगताना तो क्लच सुटलेलाच असतो. म्हणजे घाटाच्या चढापेक्षा हे रांगणंच तेलाला जास्त तापवतं.

८० ते ९५ अंश ही तेलाची सुखाची जागा. त्यापुढे दर १० अंशांना तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब धरतात. १२० च्या वर वारंवार गेलं की तेलाचा दाब फिरवून गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत चिकट थर बसायला लागतो, आणखी वर रबरी सील कडक होतात. मग प्रेशर गळतं, क्लच घसरतात, घसरण्याने आणखी उष्णता होते.

रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. पी मध्ये टाकली, एसी बंद केला आणि इंजिन चालूच ठेवून १२००-१५०० आरपीएमवर धरलं. तापल्यावर लोक इंजिन बंद करून बॉनेट उघडतात, इथेच चुकतं. तेल कूलरमधून फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन थांबलं की गरम तेल जागच्या जागी शिजत बसतं. सात मिनिटांत आकडा ९७ वर आला. तोवर ट्रक बराच पुढे गेला होता. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये, २५-३०च्या वेगाने, न घुटमळता चढलो. १०४ च्या वर गेला नाही.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी हळू पण जोरदार रेंज, लावा असा सल्ला सर्रास मिळतो. दाजीपूरकडच्या चिखलात, वाळूत, सुट्या दगडांच्या चढावर तो बरोबर आहे. लो रेंजमध्ये कन्व्हर्टरवरचा भार खूप उतरतो. पण पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर, तेही घाटाच्या वळणांवर, फोर-लो लावू नका. वळणात पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस ते करू देत नाही आणि सगळा पीळ दात्यांवर आणि शाफ्टवर येतो.

आता तेलाकडे. कोल्हापुरात गॅरेजवाल्यांच्या उद्यमनगरच्या आसपास तेल मागायला गेलात की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, "तांबडं हाय न्हवं? मग चालतंय की!" या एका वाक्याचा मला मनापासून राग आहे. तांबडा रस्साही दोन घरचा सारखा नसतो. एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा, लाल रंग हा नुसता टाकलेला रंग आहे. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं एवढाच त्याचा उपयोग.

गाडीच्या माहितीपुस्तकात जे नाव छापलंय तेच घ्यायचं. टोयोटाच्या गिअरबॉक्सला डब्ल्यूएस लिहिलं असेल तर डब्ल्यूएस, फोर्डला मर्कॉन एलव्ही असेल तर एलव्ही. दुकानात सहज मिळतं ते डेक्स्रॉन-३ दर्जाचं तेल, कारण जुन्या पॉवर स्टिअरिंगलाही तेच लागतं. जनरल मोटर्सने २००५ मध्ये डेक्स्रॉन-६ आणलं आणि पुढे ३ चे परवाने देणं थांबवलं. म्हणजे आज डब्यावर "डेक्स्रॉन-३ साठी योग्य" असं लिहिलेलं असतं ते त्या कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं. तेलाची जाडी सेंटिस्टोकमध्ये मोजतात: ३ चं तेल १०० अंशांना सातच्या पुढे, नवी तेलं साडेपाच-सहाच्या आसपास. पातळ तेलासाठी बनलेल्या बॉक्समध्ये जाड तेल घातलं की थंडीत गिअर उशिरा पडतात. घर्षणाची रसायनं वेगळी असतील तर लॉक-अप क्लच नीट धरत नाही आणि साधारण ५०-६० च्या वेगाला गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते. लोक मग टायर बॅलन्सिंग करत बसतात. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तर पूर्ण वेगळं. ट्रान्सफर केसचं तेल भरायचं भोक शेजारीच असतं, तिचं आणि डिफरन्शियलचंही तेल वेगळं.

बदलताना आधी भरायचा बोल्ट उघडून बघा, मगच खालचा ड्रेन. भरायचा बोल्ट गंजून अडकला आणि तेल आधीच सांडलेलं असेल तर गाडी तिथेच बसली. १० लिटरच्या गिअरबॉक्समधून एका वेळी ३ ते ४ लिटरच उतरतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. ४ धरले तर पहिल्यांदा ६० टक्के जुनं उरतं, मधे थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की ३६, तिसऱ्यांदा २२. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात धरा, तेवढंच भरा. पॅनमधल्या लोहचुंबकावर काजळासारखा करडा लेप असेल तर काळजी नाही, चमचमणारे तुकडे दिसले तर थांबा. पॅनचे बोल्ट चढ्या हाताने आवळले की पत्रा वाकतो आणि मग कितीही गॅस्केट लावा, गळतंच. डिपस्टिक नसलेल्या बऱ्याच गाड्यांत तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून पातळी बघतात. उघडलेल्या बोल्टातून बारीक धार येते, ती थेंबांवर आली की बोल्ट लावायचा. त्याहून गरम तेल फुगलेलं असतं, त्यामुळे बघून झाल्यावर बॉक्स कमी भरलेला राहतो. जास्त भरलं तर फेस, कमी भरलं तर पंप हवा ओढतो. शेवट दोन्हीचा तापण्यातच.

वैभववाडीला जेवताना पेल्यातली सोलकढी बघून उद्यमनगरातली एक बरणी आठवली. अगदी तोच दुधाळ गुलाबी रंग, पण आत एटीएफ. बऱ्याच गाड्यांत तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. त्याची आतली नळी सडली की कूलंट आणि तेल एकत्र होतं. पाण्याने क्लचच्या चकत्यांवरचं कागदी अस्तर सुटतं. हा रंग दिसला की गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टो करून आणा. या भीतीने काही जण रेडिएटरचा कूलर पूर्ण वगळतात. माझं मत वेगळं आहे. तो ठेवावा, कारण सकाळी तोच तेल लवकर गरम करतो. हवेवरचा जादा कूलर त्याच्या पुढे, परतीच्या नळीवर जोडावा, होज ट्रान्समिशन ऑइलचाच घ्यावा आणि जुना रेडिएटर गंजलेला दिसला की बदलावा.

रंकाळ्यापाशी पोचलो तेव्हा आकडा ८९ होता. दुसऱ्या दिवशी पुढची जाळी काढली तर कूलरच्या पात्यांत उसाचं पाचट आणि लाल धूळ यांची घट्ट गादी बसलेली. साध्या नळीचं पाणी, आतून बाहेरच्या दिशेने, हळूहळू सोडलं. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला तर पाती आडवी पडतात आणि मग तिथून हवा जात नाही.