वहीवरची वेरा

रविवार, रात्री साडेदहा

पुतणीला आज समोर बसवलं. पेन्सिलीनं नुसता चेहरा काढायचा होता. सातव्या मिनिटाला "काका, झालं?" आणि विसाव्या मिनिटाला बाईसाहेब खाली अंगणात. कागदावर एक कान आणि अर्धी वेणी.

तेव्हापासून वेरा डोक्यात आहे. आमच्या लहानपणी वह्यांना कव्हर घालायला रशियन मासिकांची गुळगुळीत पानं वापरायचे. माझ्या पाचवीच्या भूगोलाच्या वहीवर ही मुलगी होती. गुलाबी ब्लाउज, छातीशी काळसर बो, हातात एक फळ. नाव-इयत्ता-तुकडीचं लेबल मी नेमकं टेबलावरच्या फळांवर डकवलं होतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, चित्राचं नावच 'पीच आणि मुलगी' असं काहीसं आहे!

रशियन चित्रकार वालेंतिन सेरोवनं ते १८८७ साली रंगवलं, मॉस्कोजवळच्या अब्राम्त्सेवोत, वेराच्या घरच्या इस्टेटीवर. तो २२ वर्षांचा, ही बारावं लागलेली. रेल्वेवाले धनिक साव्वा मामोंतोव यांची लेक. सेरोवचे वडील लवकर गेले आणि तो लहानपणापासून याच घरात वावरला, म्हणजे तिला दादासारखाच. एरवी कोण बसेल? महिन्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज! बिचारीचा अगदी जीव काढला, असं त्यानंच नंतर कबूल केलंय.

आणि चित्रात बघावं तर आत्ता धावत आलीय, आत्ता उठून पळेल. गाल उन्हानं रापलेले, केस विस्कटलेले. मागच्या खिडकीतला उजेड सगळ्या खोलीभर. टेबलक्लॉथ पांढरा म्हणावा तर त्यात निळाही आहे, गुलाबीही. सेरोवला निसर्गात असतो तसा ताजेपणा हवा होता, आणि तोही जुन्या उस्तादांसारखा पुरतं काम करून. ताजेपणासाठी महिनाभर घासायचं! माझं वीस मिनिटांत अडलं, ते ठीकच म्हणायचं. डोळ्यांत मात्र 'कधी संपणार' आहेच. पाचवीत तो भाव मला चांगला ओळखीचा होता, भूगोलाच्या तासामुळे.

वेरा १९०७ मध्ये न्यूमोनियानं गेली. ३२ वर्षांची, पदरात तीन लहान मुलं. हे आज वाचायला नको होतं.

जेवताना पुतणीला फोनवर चित्र दाखवलं. महिनाभर बसली होती म्हटल्यावर ती थांबली. टेबलावरची फळं मोठी करून पाहिली.

"पीच महिनाभर टिकतात?"

"नाही. बदलली असणार. त्यांच्या घरच्याच काचघरातली होती."

"मग आधीची कोणी खाल्ली?"