वाढल्या की कमी झाल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. वर्ष सरलं की मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा पेपरात येतो आणि मला फोन सुरू होतात. ‘सर, तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, वाढल्या की कमी झाल्या ते सांगा ना.’ मी टाळतो, मग हा माणूस आकड्यांवरच उठलाय अशी बोलवा होते. तसं अजिबात नाही. पोट त्याच्यावरच चालतं माझं.

पण त्या आकड्याला पोटरकाने असतात. सरकारी मदतीला पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. माझा चुलतभाऊ अपात्रमध्ये आहे.

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा मी ओसरीवरच होतो. भला माणूस. त्यांनी विचारलं, ‘कर्ज कोणत्या बँकेचं?’ वहिनींनी आतून लेकीची शाळेची वही आणली. पुढून पाढे, मागून भावाचं अक्षर. कृषी केंद्र, बियाणं आणि फवारणी. मामा, हातउसने. मळणीयंत्रवाला. एका ठिकाणी नुसतं आडनाव आणि पुढं महिन्याचं व्याज. कुठल्याच पानावर सही नाही, शिक्का नाही. तलाठ्यांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि वहिनींच्या हातात परत दिली. २००६च्या शासन निर्णयातल्या १ लाखाच्या मदतीसाठी कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं लागतं. आमच्याकडं सातबारा अजून काकांच्याच नावावर, म्हणून भावाला पीककर्ज मिळालंच नव्हतं. वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, बँकेनं दारात उभं केलं नाही, आता बँकेचं कर्ज कुठून दाखवू?’

जिल्हा समितीचा निकाल पुढं आला. नियमाप्रमाणे होता. त्यात कुणी लबाडी केली असं मी आजही म्हणत नाही.

पंचविशीतला मी इथं मला अडवेल: एका घरावरून निष्कर्ष काढू नका. खरंय त्याचं. मोजदादच झाली नसती तर आमच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नसतं, हेही खरंय. पण मी त्याला विचारतो, रकाने कुणी आखले? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०१४च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवायला सुरुवात केली. मग आलेखाची रेघ २०१३वरून पुढं सरळ ओढायची कशी? आणि बटईनं कसणारा, सकाळी स्वतःच्या दोन एकरात आणि दुपारी दुसऱ्याच्या रानात राबणारा, तो कुठं बसवायचा? तो मुलगा म्हणतो, व्याख्या सुधारा, आकडे टाकून देऊ नका. हे मला खोडून काढता येत नाही. त्या वहीचं काय करायचं, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून फोनवर चिडतो. वाढ-घट तुम्हाला पेपरात मिळते, त्यासाठी मी कशाला? अपात्र किती आणि का, हे कुणीतरी एकदा विचारा. त्यावर मी रात्रभर बोलेन.