मग जुने फर्मे, म्हणजे ज्यांवर बूट घडवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे, काढत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं सगळेच विचारतात. "फॅशन फिरून येतेच की. आता पुन्हा रुंद, गोल नाकाचे बूट चालतायत. तुमच्या आजोबांच्या वेळचे फर्मे असतीलच. काढा बाहेर!" एवढी सोपी गोष्ट या लोकांना सुचली कशी नाही, असा भाव चेहऱ्यावर असतो.

नाही काढता येत.

तुम्हाला दिसतं ते बुटाचं नाक. मी फर्मा हातात घेतला की आधी टाच बघतो. प्रत्येक फर्मा ठरावीक उंचीच्या टाचेसाठी कोरलेला असतो. 25 मिलिमीटर टाचेच्या फर्म्यावर ओढलेलं अप्पर, म्हणजे बुटाचा सोलच्या वरचा भाग, चपट्या सोलवर बसवलं, तर नाक वर उचललं जातं आणि चालणारा मागे रेलतो. पूर्वी सोल फर्म्याप्रमाणे कापत. आता रबरी सोल साच्यातून तयार येतो, तो ज्या फर्म्यासाठी बनला त्याच्याच तळव्याला कडेकडेनं बसतो. त्यात हल्लीचं काढता येणारं जाड इनसोल. ते जुन्या मापाच्या बुटात घातलं तर पायाला वर जागाच उरत नाही. फॅशन परत येते ती नाकापुरती.

आणि नवा फर्मा घ्यायचा म्हणजे एकच घेऊन भागत नाही. 5 ते 11, अर्धे नंबर धरून 13 मापं, प्रत्येकाचा डावा-उजवा. ब्रिटिश मापात एका नंबराला लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते, त्याबरोबर चवड्याचा घेरही वाढवावा लागतो. शिवाय बूट उतरेपर्यंत फर्मा अडकलेला, म्हणून एकेका मापाच्या कितीतरी जोड्या. अप्पर फर्म्यावर ओढून बसवणारं यंत्र यान मात्झेलिगर यांनी 1883 मध्ये पेटंट केलं. हातांचं बरंच काम त्यानं घेतलं, पण यंत्रालाही फर्मा लागतोच.

"मग ते जुने गेले कुठे?" हा पुढचा प्रश्न.

दिले. मीच दिले. प्लॅस्टिकचे दळून, वितळवून पुन्हा वापरता येतात, त्यांचं कोणाला काही वाटलं नाही. लाकडी होते ते एका सजावटवाल्याला भिंतीवर मांडायला हवे होते. अण्णा, माझे वडील, तेव्हा रोज कामावर येत, पण ठरवायचो मी. मला वाटलं, भांडतील. भांडले नाहीत. फळीवरून एकेक फर्मा उतरवून मांडीवर घेत बसले. काही फर्मे मापानं बूट करून घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांचे होते, त्यांवर चामड्याचे तुकडे डकवलेले. कोणाचं अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं, कोणाची करंगळी दबलेली, कोणाचा पाय वरून उंच. दुखणं वाढलं की तुकड्यावर तुकडा चढे. अण्णा त्यावरून बोट फिरवत आणि नाव न वाचता सांगत, "हे गेले." "ह्या बाई दिवसभर उभ्यानं शिकवायच्या." मग रापी घालून तुकडा अलगद सोलून काढत.

मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या. जुनेपण दिसतं. त्याला तेच हवंय."

वर न बघता म्हणाले, "दुसऱ्याचं दुखणं भिंतीवर कशाला लावायचं?"

बाहेर गाडी थांबली होती आणि मी घड्याळ बघत होतो, हेही सांगून टाकतो. काढलेल्या तुकड्यांचं त्यांनी काय केलं, ते मी विचारलं नाही.

हे ऐकल्यावर लोक म्हणतात, ठेवायचे होते. कुठे? त्याच फळ्यांवर नवे फर्मे यायचे होते, आणि नवे आले नसते तर आज तुम्ही मला काही विचारायलाच आला नसता. लाकूड हवेनुसार फुगतं-आक्रसतं, माप भरवशाचं राहत नाही, असंही मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत होतो. ते खरंच आहे. पण खरं कारण ते नव्हतं. मला जुनाट दिसायचं नव्हतं.

आता डिझाइन पुतणी बघते. तिचं म्हणणं, "काका, टाच तीच असेल तर फर्म्याची मागची बाजू आपण बदलतो कुठे? नवं फक्त नाक. आणि टाचसुद्धा आता संगणकावर हलवता येते. निदान मापं उतरवून ठेवायची होती." स्कॅनर नव्हता, असं मी सांगतो. "पट्टी तरी होती ना?" असं ती विचारते. यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते मला स्वतःलाच फारसं पटत नाही.

सध्याचा वाद वेगळा आहे. आमच्याकडे अजूनही मापानं बूट करून घेणारी थोडी माणसं आहेत. त्यांचे फर्मे तुकड्यांसकट स्कॅन करून ठेवावेत असं तिला वाटतं. त्यांना विचारल्याशिवाय नाही, असं माझं म्हणणं. अजून आम्ही दोघांनीही कोणाला विचारलेलं नाही.